पाठराखणीने मिळालेली पायरी

तरुण मुलांना ‘अल्फा’ व्हायला शिकवणाऱ्या व्हिडिओंचा समाजमाध्यमांवर सुळसुळाट झालाय. पुरावा ठरलेला असतो : माकडांची टोळी, छाती काढून बसलेला नर, आणि निसर्गात बलवानच आधी खातो हा उपदेश. हल्ली त्याला आणखी एक पुस्ती जोडतात, की माकडांतही मोठेपण रक्तातूनच येतं. पहिलं विधान अर्धवट आहे. दुसरं मला घातक वाटतं, कारण आपल्या समाजात असल्या वाक्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

उतरंडीची कल्पना कोंबड्यांपासून निघाली. कोण कोणाला टोचतं याचा क्रम अभ्यासक श्येल्डरुप-एब्बे यांनी 1922 मध्ये मांडला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मूठभर माद्यांवरून बबून नरांच्या जीवघेण्या झुंजी होत होत्या. त्यावर झुकरमन यांनी 1932 मध्ये पुस्तक लिहिलं आणि कोंडवाड्यातली ती झुंज साऱ्या वानरकुळाचा स्वभाव म्हणून खपली. लांडग्यांच्या ‘अल्फा’ची कल्पना पसरवणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये तिचा फेरविचार मांडला. हे सगळं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चुकीचं वाचलं जातं ते मधलं एक पान.

ते पान लिहिलं गेलं कायो सांतियागोवर. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिकोपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावरचं हे 38 एकरांचं बेट. संशोधक क्लॅरेन्स कारपेंटर यांनी 1938 मध्ये भारतातून नेलेली 409 लालतोंडी माकडं तिथे सोडली गेली. आज बेटावर आहेत ती सगळी त्यांचीच प्रजा. शिकारी प्राणी नाहीत, खाद्य माणसं पुरवतात. त्यामुळे खाद्याच्या कुंपणाशी कोण आधी पोचतं आणि कोण बाजूला सरतं, हे निवांत पाहता येतं. जिचा मान मोठा ती मादी आधी गालाच्या पिशव्या भरून घेते. बाकीच्या दात विचकून, अंग चोरून वाट देतात.

इथे कार्ल कोफर्ड यांना 1963 मध्ये आणि डोनाल्ड सेड यांना 1967 मध्ये जे दिसलं, ते जपानमध्ये कावाई आणि कावामुरा यांनी 1958 मध्येच नोंदवलं होतं : पिल्लाची पायरी आईच्या पायरीला लागून असते. एवढं वाचून लोक थांबतात आणि ‘घराणं’ म्हणून मोकळे होतात. पण त्याच नोंदींत पुढे आहे, की बहिणींमध्ये साधारणपणे धाकटी थोरलीच्या वर बसते. आई तीच, कूळ तेच, मग धाकटी वर कशी? भांडण झालं की आई सगळ्यांत लहान पोरीच्या बाजूने धावते. इवलंसं पिल्लू थोराड मादीवर डोळे वटारतं, किंचाळतं आणि आई येतेय ना म्हणून मागे वळून पाहतं. असं महिनोन्महिने चाललं की ती थोराड मादी पिल्लू एकटं असतानाही वाट सोडू लागते.

बर्नार्ड शापे यांनी 1988 मध्ये जपानी माकडांवरच्या प्रयोगातून हे आणखी स्पष्ट केलं. वरच्या कुळातल्या मादीला तिच्या भावकीपासून तोडून खालच्या कुळाच्या गोतात ठेवलं, तेव्हा तिची पायरी घसरली. रक्त होतं तसंच होतं, पाठराखण गेली होती. आणि नर? वयात आला की तो आईची टोळी सोडतो, परक्या टोळीत बहुधा तळाशी शिरतो आणि जुने नर मरतील किंवा निघून जातील तसा वर सरकतो. कायोवरचे पुष्कळसे ‘अल्फा’ रांगेत उभे राहून झालेले आहेत.

आता ‘बलवानच आधी खातो’ या विधानातल्या अन्नाची गोष्ट. एका जागी ढीग असला, तर अडवणाऱ्याचं फावतं. दगडाने कठीण कवचाची फळं फोडणाऱ्या ब्राझीलमधल्या कॅपुचिन माकडांकडेही असंच एक नाकं असतं, ऐरणीचा दगड. पण तिथे सांडलेला गर उचलणाऱ्या पोरासोरांना फोडणारं माकड बरंचसं खपवून घेतं. ओटोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं, की ही पोरं कोणाच्याही शेजारी बसत नाहीत. हात बसलेलं माकड निवडून त्याच्याजवळ बसतात. तिथे तुकडेही जास्त मिळतात आणि कसबही पाहायला मिळतं.

20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळाने कायोवरची बहुतेक झाडी उद्ध्वस्त केली. खाद्य मिळत राहिलं, सावली संपली. उघड्यावर पारा 40 अंशांच्या वर जाऊ लागला. उरलेल्या सावलीसाठी रक्त सांडेल, असं कोणालाही वाटलं असतं. कामी तेस्तार आणि लॉरेन ब्रेंट यांच्या गटाने 2021 आणि 2024 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत उलटच आहे : भांडणं घटली, माकडं पूर्वीपेक्षा जास्त जणांना शेजारी बसू देऊ लागली, आणि वादळाआधी ज्यांचे सोबती कमी होते त्यांनी सर्वांत जास्त नवे जोडले. जी माकडं इतरांना जवळ खपवून घेत होती, ती वादळानंतर जगण्याची शक्यता जास्त होती. वादळापूर्वी त्या सवयीचा असा फायदा दिसत नव्हता. हा बदल पुढच्या पिढीने आणलेला नव्हता. आधी एकमेकांना हाकलणारीच माकडं आता एका सावलीत बसत होती.