चोपदाराचा दंड

सिद्धगडाच्या पायथ्याला कीर्तन झाले. बुक्का लावता लावता एका माळकरी पोराने विचारले, "बुवा, वारीत लाखो माणसे चालतात, तिथे राजा नाही, फौजदारी नाही. मग गावाला तरी सरकार कशाला हवे?"

सज्जनहो, प्रश्न भाबडा नव्हे. शांतिपर्वात भीष्माचार्य धर्मराजास हेच सांगतात. कृतयुगी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंडही नव्हता. प्रजा धर्मबळावरच एकमेकांस राखी. पुढे मोह शिरला, त्यामागून लोभ आला, आणि धर्म लोपला. म्हणून राजा आला. म्हणजे सरकार हे भूषण नव्हे, औषध आहे. रोग अंगात असता औषध फेकणारा काही शहाणा नव्हे.

पण औषधच बाधले तर? याच सिद्धगडाने तेही पाहिले. इंग्रजी अमलात पोलीस होते, कोर्टे होती. तरी शेतकऱ्याच्या पोटाची दाद लागेना. माथेरानचे भाई कोतवाल स्वतः वकील. त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. 1942 साली आझाद दस्ता उभारला. 2 जानेवारी 1943 रोजी ते आणि हिराजी पाटील येथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकार आहे म्हणजे न्याय आहे, असे होत नाही.

तरी त्यापुढचे पाहा. त्याच काळात साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकाराने इंग्रजांस बाजूला सारले, आणि लगेच गावोगाव न्यायदान मंडळे बसवली. एक सरकार झुगारले, तर दुसरे उभारावेच लागले!

आता वारी. पाणी, दवाखाना, बंदोबस्त तिथेही सरकार पाहते, हे आधी कबूल करू. शिवाय वारीला आपण आपखुशीने जातो आणि तीन आठवड्यांत परततो. गावात बांधाचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. विधवेचा बांध कोरणारा माळकरी मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या बाईला "कृतयुग येईतो थांब" असे कोणत्या तोंडाने सांगू?

मग वारीपासून काय घ्यावे? माउलींच्या तळावर समाजआरतीची वेळ आठवा. चोपदार दंड उंच करतो आणि टाळमृदंग एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मगच आरती. तो दंड कोणाच्या पाठीत बसत नाही. तो उठतो गाऱ्हाणे ऐकू यावे म्हणून.

सरकार असे असावे. आणि दंड उठताच हजारो टाळ थांबतात ते भयाने नव्हे. नियम ज्याच्या त्याच्या अंगी असतो म्हणून. तो नियम आपण पंढरीहून घरी आणीत नाही, चंद्रभागेतच सोडून येतो. जेवढा घरी आणू, तेवढे सरकार कमी लागेल. जेवढा सोडू, तेवढी फौजदारी दाराशी येईल.

त्या पोराला मी एवढेच म्हटले, "बाळा, सरकार नको म्हणण्याआधी शेजारच्याचा बांध पाहून ये."

अस्तु. रामकृष्णहरि.