क्षमता आहे, पण...

चिपळूण तालुक्यात ३१ वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि कितीतरी प्रगतिपुस्तकांवर एकच शेरा मारला: ‘क्षमता आहे, पण वापरत नाही.’

स्थितिज ऊर्जेच्या तासाला उदाहरण घरचंच असे, कोयनेचं. ही नदी आपल्या मनाने वाहिली तर कराडला कृष्णेला मिळते आणि शेकडो किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागराला जाते. तिचंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला काढलं, की आमच्या पोफळीला सुमारे ४७५ मीटर कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत उतरतं. लिटरमागे साडेचार हजार ज्यूलहून अधिक. समुद्रापासून मोजाल तर उंची दोन्हीकडे सारखीच; पूर्वेला मात्र ती बरीचशी दगडगोट्यांशी घासण्यात खर्ची पडते. (वाटेत श्रीशैलमसारखी धरणं लागतात, ती गोष्ट वेगळी.)

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, उंची मोजायची कुठून?” विचारणारा तोच, ज्याच्या पुस्तकावर तो शेरा मी सलग तीनदा लिहिला होता. मी म्हटलं, “जमिनीपासून. लिहून घे.”

खरं म्हणजे शून्य कुठे धरायचं हे आपण ठरवतो. आणि ती ऊर्जा एकट्या पाण्याची नसतेच, पाणी आणि पृथ्वी दोघांची मिळून असते. पोरांच्या बाबतीत मी मात्र सगळं त्यांच्याच खात्यावर मांडत होते.

गोष्ट आधीपासून आत असते की नव्याने घडते, हा आपल्या दर्शनांमधला जुना वाद. सांख्य म्हणतात, दही दुधात आधीपासून असतंच. नाहीतर तिळांसारखं वाळूतूनही तेल निघालं असतं. नैयायिक म्हणतात, घडा मातीत नव्हता, तो नव्याने झाला. शेरा लिहिताना मी सांख्यांच्या बाजूची, तीही अर्धवट. कारण कुंभार लागतो, हे सांख्यही नाकारत नाहीत. उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर राहिलेलं दूध सकाळी नासतं. ‘दही व्हायची क्षमता होती, वापरली नाही,’ असं त्या दुधाला मी कधी म्हटलं नाही. विरजण लावायचं विसरले, एवढंच म्हणते.

तो मुलगा दहावीला गणितात अडकला आणि त्याची शाळा सुटली. त्याच्या प्रश्नाचं नीट उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. तास संपायला पाच मिनिटं होती आणि फळ्यावरची आकृती वर्गाने उतरवून घ्यायची राहिली होती.