शब्दाचे मूळ आणि बोलणाऱ्याचे उत्तरदायित्व

एखाद्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या तुच्छतेचे उत्तरदायित्व आज तो सहजपणे उच्चारणाऱ्यावर येते काय? संगणकाच्या पडद्याची हौसेने सजावट करण्याला लिनक्सचे हौशी वापरकर्ते ‘राइसिंग’ म्हणतात. जपानी मोटारसायकलींना हिणवण्यासाठी ‘राइस बर्नर’ म्हटले जाई. तेथून हा शब्द मोटारींच्या दिखाऊ सजावटीकडे व पुढे संगणकाकडे आला, असे मानले जाते. हे मूळ आता कोणाच्या ध्यानीमनीही नसते, असा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

मराठीत हाच युक्तिवाद ‘चांभारचौकशी’साठी करता येईल; परंतु दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजता येत नाहीत. ‘राइसिंग’चे मूळ शोधावे लागते, ‘चांभारचौकशी’त ते शब्दाच्या पृष्ठभागावरच आहे, आणि ज्या समाजाचे ते नाव, तो बहुधा बोलणाऱ्याच्याच गावात राहतो. तेव्हा येथे विस्मरण भाषेचे नसते, बोलणाऱ्याचे असते. ऐकणाऱ्याला ती सवलत नाही.

जातिवाचक नाम मुळातच अपमानकारक असते, असा याचा अर्थ नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर हे खंडोबाचे ठाणे. खंडोबाच्या परंपरेत म्हाळसा लिंगायत वाण्याची, तर बाणाई धनगराची लेक मानली जाते. तेथे जातीचा निर्देश नात्याची ओळख सांगतो. जातिनाम दोषाचे विशेषण झाले, की मात्र निर्देशाचा निवाडा होतो; एका व्यवसायाच्या नावावर एक दुर्गुण कायमचा नोंदवला जातो. आक्षेप आहे तो या रचनेवर.

कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हेतुपुरस्सर अवमानाला शिक्षा सांगतो. निर्हेतुक वाक्प्रचारापर्यंत तो पोचत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी लिनक्सच्या विकासकांनी नव्या लेखनात ‘मास्टर-स्लेव्ह’ ही जोडी टाळण्याचे ठरवले. फलक बदलल्याने गावाची रचना बदलत नाही, हे खरे. पण त्यावरून जुना फलक निरुपद्रवी होता, असे निष्पन्न होत नाही.

अज्ञानातील उच्चाराला अपराध मानणे अन्यायाचे होईल. मूळ कळल्यानंतरचा उच्चार मात्र केवळ सवय राहत नाही, ती निवड ठरते. शब्दकोशाने असा शब्द गाळू नये, त्याचा इतिहास नोंदवावा. गाळल्यास तुच्छतेचा पुरावाही नाहीसा होईल. बोलणाऱ्याला कोशाचा हा आधार घेता येणार नाही. त्याच्यापुढे ‘नसत्या चौकशा’ हा पर्याय आहेच, आणि त्यात अर्थाची काहीही हानी नाही.