टाक्याचं पाणी कोणाचं?

बदलापुराहून वांगणीकडे जाताना उजव्या हाताला चंदेरीचा सुळका दिसतो. चिंचवलीकडून घामाघूम होऊन वर गेलं की गुहेच्या आसपास कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं लागतं. आजोबांबरोबर वर गेलो की त्यांचा एकच नेम असे. "हात बुडवू नको. तांब्यानं घे, लागंल तेवढंच घे. मागून येनारा दिसत नाय म्हनून तो नाय असं नाय." वर ना पहारेकरी, ना कुलूप. तरी तो नेम आमच्यापैकी कुणी मोडला नाही.

टाकं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. आपला काळा कातळ पाणी सहसा झिरपू देत नाही. पावसाळ्याचे चार महिने उतारावरून येणारं पाणी त्यात साठतं आणि पुढं पुरवून वापरायचं असतं. काही गडांवर तर आत खांब राखून डोंगराच्या पोटातच टाकी खोदली. त्याला खांबटाकं म्हणतात. वर दगडाचं छत असल्यानं ऊन लागत नाही आणि पाणी लवकर आटत नाही. रोमन लोकही पाण्याची टाकी बांधत. ते चुन्यात विटांचा चुरा घालून आतून गिलावा करीत. आमच्याकडं छिन्नी-हातोडा आणि कातळ, एवढंच पुरे झालं.

कल्याण बंदरातून जुन्नरला जाणारी जुनी वाट नाणेघाटातून चढते. त्या घाटात सातवाहन काळातली टाकी आहेत. एकावर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय, की ही सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेली पोढी. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. गोविंददासाचं नाव राहिलं, छिन्नी चालवणाऱ्याचं नाही. पण दोघांनीही आपल्याला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तरी आपल्यासाठी पाणी ठेवलं. असं ऋण फेडायचं कुणाला? देणारा हयात नाही, त्याच्या घराण्याचा पत्ता नाही. मग ते पुढच्यालाच फेडावं लागतं. आजोबांचा नेम हाच हिशोब होता.

नळाचं पाणी वेगळं, असं आपण समजतो. बिल भरलं की सुटलो! पण बिलात पंपाची वीज येते, पाइपाचा खर्च येतो. उल्हासनगर, अंबरनाथला पाणी पुरवणारं बारवी धरण उभं राहिलं आणि पुढं त्याची उंची वाढली, तेव्हा गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. ती रक्कम कुठल्या बिलात लिहिलेली असते? आणि इथं एक फरक आहे. गोविंददासानं आपखुशीनं दिलं. धरणाखाली गेलेल्यांना द्यावं लागलं. दान घेणाऱ्यानं कृतज्ञ राहिलं तरी भागतं. जिथं दुसऱ्याला घर सोडावं लागलं, तिथं नुसत्या कृतज्ञतेनं भागत नाही. त्यांचं पुनर्वसन नीट झालं का, हे विचारणंही पाणी पिणाऱ्याचंच काम आहे.

उलटी बाजूही बघा. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभं राहिलं. बांधणाऱ्यांनी नदी जवळ केली, कारण ती जवळ करण्याजोगी होती. आज कारखान्यांचं सांडपाणी घेऊन तीच नदी उल्हासनगरातून जाते आणि माणसं नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात. आपण मागच्यांकडून नदी घेतली आणि पुढच्यांच्या हातात नाला ठेवतोय.

तेव्हा पाणी कोणाचं, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. ज्यानं खोदलं त्याचं नाही, ज्यानं पैसे मोजले त्याचंही नाही. जो अजून वाटेत आहे, चढ चढतोय, तहानलेला आहे, त्याचं ते आहे. आपण फक्त मधे तांब्याभर घेतो.