आईचा नवस मुलाला लागतो का?

शंका : लहानपणी मी विषमज्वराने मरता मरता वाचलो. तेव्हा आईने मतमाउलीला, म्हणजे मरियामातेला, नवस केला, पोरगं वाचलं तर ते दरवर्षी हरेगावच्या यात्रेला अनवाणी येईल आणि आपल्या उंचीची मेणबत्ती लावील. आई होती तोवर मी गेलो. ती वारल्यापासून जमलेलं नाही. चाकणला कंपनीत आहे, रजा मिळत नाही. यंदा बायकोचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. घरचे म्हणतात, नवस मोडल्याचं हे फळ. एक प्रार्थनावाले गृहस्थ पाच हजारांत नवस उतरवून देतो म्हणतात. काय करू? (एक वाचक, राहुरी तालुका)

समाधान : पाच हजार देऊ नका. हे आधी, बाकीचं सावकाश बोलू.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ न टिकणं ही पुष्कळ घरांतून घडणारी गोष्ट आहे, फक्त कोणी बोलत नाही. निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो आणि असा गर्भ वाढूच शकत नाही. डॉक्टरांना भेटला नसाल तर दोघंही जा. आणि घरात ‘नवस मोडल्याचं फळ’ हे शब्द पुन्हा निघाले तर तुम्ही स्वतः थांबवा. ज्या बाईचं लेकरू गेलं तिच्यासमोर हे बोललं जातंय, याचं भान सासरच्या माणसांना नसेल तर नवऱ्याला तरी असावं.

आता नवस. आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त चर्चचा कायदा माहीत नसतो. 1983 चा कॅनन लॉ उघडा. कलम 1191 म्हणतं, नवस म्हणजे देवाला समजून-उमजून आणि स्वखुशीने दिलेलं वचन, तेही शक्य असलेल्या चांगल्या गोष्टीचं. कलम 1193 याहून सरळ आहे. नवस, त्याच्या स्वभावानेच, ज्याने केला फक्त त्यालाच बांधतो. तुमच्या आईने केला, तिने निभावला, तुम्हालाही वर्षानुवर्षं सोबत नेलं. विकास सोसायटीचं कर्ज बापाच्या माघारी मुलाच्या सातबाऱ्यावर चढतं, तसा आईचा नवस मुलाच्या नावावर चढत नाही. तुम्ही स्वतः मोठेपणी वेगळं वचन दिलं असेल आणि ते टोचत असेल, तर कलम 1196 प्रमाणे धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू योग्य कारण पाहून त्यातून मोकळं करू शकतात. त्याला पाच हजार लागत नाहीत. पाच रुपयेही नाहीत.

यात्रेला जाऊ नका असं मी म्हणत नाही. 8 सप्टेंबरचा मरियेचा जन्मदिवस आला की हरेगावच्या रस्त्याला लागलेली माणसं मीही पाहतो. त्यांत आपले असतात तसे हिंदू शेजारीही असतात, आणि कोणी कोणाला धर्म विचारत नाही. मांडीवर पोर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या नोव्हेनाच्या प्रार्थना पुस्तक न उघडता म्हणतात. रजा मिळेल त्या वर्षी जा, चपला घालून जा, बायकोला विचारून जा. आईची आठवण म्हणून साधी मेणबत्ती लावा. उंची मोजू नका.

माझा राग मतमाउलीवर नाही, तिच्या नावाने भीती विकणाऱ्यांवर आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा ख्रिस्ती झाले, त्यांच्याबरोबर नवसही आले. ते समजण्यासारखं आहे, दुष्काळात आणि पटकीच्या साथीत माणूस दुसरं काय करणार होता? पण आज हातात मोबाईल आहे, आणि त्यावर काय येतं? ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर सात दिवसांत वाईट बातमी येईल.’ पाठवणारे बी.एड. झालेले शिक्षक असतात! कन्फेशनला जाताना या पापाची आठवण कोणालाच होत नाही.

आणि आपल्या लोकांवर बोट ठेवलं तर वेदीकडेही ठेवायला हवं. देणगीचे आकडे नावांसकट माईकवरून वाचले जाताना मी ऐकले आहेत. कुठे, ते सांगत नाही. शंभर रुपये देणारी विधवा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसते आणि पाच हजारवाल्याचं नाव दोनदा वाचलं जातं. त्याच कॅनन लॉचं 945 वं कलम धर्मगुरूंना कळकळीने सुचवतं, की दान मिळो न मिळो, श्रद्धावंतांसाठी, विशेषतः गरजूंसाठी मिस्सा अर्पण करावी. 947 वं सांगतं, की मिस्साच्या दानात व्यापाराचा नुसता भासही नको. फ्रान्सिस पोपसाहेबांनी मार्च 2018 मध्ये मिस्साला मोल नसतं हे जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे ते पोचायला अजून किती वर्षं लागणार? तुमच्या त्या प्रार्थनावाल्याची छाती होते, कारण देवाकडचं काम पैशाने होतं असं लोकांना आधीच वाटू लागलेलं असतं.

शंका : पाऊस लांबला की आम्ही मिस्सा मागतो. सातवीतला मुलगा म्हणतो, पाऊस हवेच्या दाबाने पडतो, मग प्रार्थना कशाला? (एक आई, संगमनेर)

समाधान : मुलगा बरोबर शिकलाय. त्याला दटावू नका.

आपण सांगितल्याशिवाय देवाला दुष्काळ कळत नाही असं थोडंच आहे? प्रार्थनेने ढगांत नाही, आपल्यात काही फरक पडायचा असतो. त्याला फादर हर्मन बाखर यांची गोष्ट सांगा. 1948 साली स्वित्झर्लंडहून आलेला हा जेझुइट धर्मगुरू नगर जिल्ह्यात हयात घालवून गेला. मिस्सा तो रोज करत असणारच, पण डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर खणा, बांध घाला, झाडं लावा, असं गावाला सांगत फिरलाही. 1993 मध्ये सुरू झालेल्या वॉटर या संस्थेच्या संस्थापकांत तो होता. तुमच्याच तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 पासून त्या संस्थेने पाणलोटाचं काम केलं. ते गाव दाखवायला मुलाला घेऊन जा. पाऊस तिथेही हवेच्या दाबानेच पडतो. पडलेला अडवायचा कसा, हे तिथल्या लोकांनी ठरवलं.

अशा गावांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागते, श्रमदान करावं लागतं, आणि खरी भांडणं तिथेच होतात. तुमच्या गावात ग्रामसभेत हा विषय निघाला, तर मिस्सा मागणाऱ्या घरांतून किती जण हात वर करतात ते मला जरूर कळवा.