गोळी कोणासाठी?



पनवेलमधल्या एका घरातली गोष्ट सांगतो. नववीतला मुलगा. वर्गात एकटाच पुटपुटे. कोणी तरी आपल्याला शिव्या देते आहे म्हणे. आजीने गंडादोरा सुचविला. बाप कडाडला, "बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर टांगायला घेतल्या?" मुलाला डॉक्टरांकडे नेले, रिस्पेरिडोन नावाची गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यात ते आवाज विरळ झाले.

पुढे मुलगा गोळी टाकून देऊ लागला. वर्गात झोप येते, विजार कमरेला बसत नाही, पोरे 'ढोल्या' म्हणतात. आई माझ्याकडे आली. मी सांगितले, गोळी कुटून आमटीत कालवा. शिकलेला माणूस म्हणून तिने ऐकले. पंधरा दिवसांत पोराला कळले आणि त्याने घरचे जेवणच सोडले. लोक आपल्याविरुद्ध कट करतात हे ज्याचे दुखणे, त्याच्या आईलाच मी कटात सामील केले होते!

मुलाच्या चुलत्याने विचारले होते, मेंदूवर चालणारी गोळी घेतल्याने पाचवे शील मोडत नाही काय? नाही. दारू शुद्ध घालवते, ही गोळी शुद्ध परत आणते. औषध तर भिक्खूंनाही मान्य आहे आणि चित्त भ्रमलेल्या भिक्खूला विनय दोषी धरीत नाही. मोडले ते चौथे शील, आणि मोडणारा मी.

औषधाला नावे ठेवू नका. 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा गुण दिसला, तेव्हापासून या रोग्यांना नवी वाट मिळाली. तामिळनाडूत एरवाडीला 2001 साली आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 रोगी मेले. उपचाराऐवजी साखळी कोठे नेते ते तेथे दिसले. पण वाढत्या अंगावर या गोळ्यांचा भारही पडतो: वजन वाढते, रक्तातील साखर वाढू शकते, अंग ताठते, हात कापतात. म्हणून वजन आणि रक्त तपासत राहावे लागते. आणि पोर नुसते द्वाड असेल तर? भरल्या वर्गात मलाही गप्प बसणारे पोर आवडते. तेवढ्यासाठी गोळी मागणे म्हणजे आपल्या सोयीचे औषध पोराच्या घशात घालणे होय.

2017च्या कायद्याने अज्ञान मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार पालकांना दिला आहे. फसविण्याचा दिलेला नाही.

मी त्या मुलापुढे चूक कबूल केली. डॉक्टरांसमोर त्यानेच झोपेची आणि वजनाची तक्रार मांडली. त्यांनी मात्रा कमी केली, वेळ रात्रीची केली. आता तो गोळी स्वतः घेतो, कॅलेंडरवर फुली मारतो. आमटी मात्र अजून स्वतःच्या हाताने वाढून घेतो.