कोणाला विचारलेस?

दिवाळीत घरोघर आकाशकंदील चढू लागले की मला एका चोरीची आठवण होते. चोर मीच होतो.

माझे बालपण चिमूरला गेले. शेते संपली की जंगल सुरू होई. दक्षिणेला ते थेट ताडोबापर्यंत पसरलेले. एका दिवाळीला कंदिलासाठी मी तिथून हिरवा बांबू तोडून आणला. आजीने विचारले, "कोनाले पुसलास, बाबू?"

"पुसायचं कोणाला? सरकारी जंगल आहे. कोणाचंच नाही."

"शाळाबी सरकारीच आहे. तिची खिडकी आनशील का काढून?"

मी निरुत्तर झालो.

१९५१ साली मालगुजारी गेली आणि मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. जंगल जनतेचे झाले, असे आपण म्हणतो. पण व्यवहारात काय झाले? मोळीवाली बाई गार्डाला भिऊन वाट बदलू लागली. कागदगिरणीचा बांबू मात्र परवान्याने ट्रक भरभरून गेला. तिला ते जंगल सरकारचे म्हणून परके वाटले, मला कोणाचेच नाही म्हणून मोकळे. 'आपले' हा शब्द दोघांच्याही तोंडी नव्हता.

चिमूरहून पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात.

या कायद्यातला हक्क वारशाने मिळतो, पण विकता येत नाही; आणि त्याच्याबरोबर राखणही पदरी येते. विकता येत नाही ती कसली मालकी, असे व्यवहारी माणूस विचारील. मला वाटते, तीच खरी. मातृभाषा आपली असते ती याच रीतीने.

गावालाही लोभ सुटू शकेल, हे मला मान्य आहे. पण गावात आजीचा प्रश्न विचारणारे कोणीतरी असते. दूरच्या कचेरीतल्या शिक्क्याला तो सुचत नाही.

यंदा नातवासाठी कंदील करायला बसलो आहे. बांबू रीतसर बुरुडाकडून विकत आणला. नातवाने सहज विचारले, "आजोबा, हा कुठल्या जंगलातला?"

पैसे दिले होते; उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते.